नाण्यावरचं दार

१

हिलारसला देव आयुष्यभर उलटेच भेटले.

टाकसाळीत ठसे कोरणाऱ्याचं नशीबच तसं. नाण्यावर जी देवी उजव्या हातात कणसं धरून उभी असते, ती ठशात डावखुरी असते. नाण्यावर तिचं नाक वर उठून येतं, तिथे ठशात खड्डा असतो. पंखवाली विजया, कणसांची सेरेस, चुलीची वेस्ता या सगळ्यांना हिलारसने लोखंडात खोल खोल खणून बसवलं होतं. गुलाम होता तेव्हाही, आणि मालकाने मुक्त केल्यावरही. "लोक देवाचं तोंड बघतात, मी त्याची पोकळी बघतो," असं तो म्हणायचा, आणि त्याची बायको थालुसा म्हणायची, "असलं काही बाहेर बोलू नकोस."

कॅपिटोलच्या टेकडीवर टाकसाळ. तिथला कारभारी फॅनियस. पोट पुढे, बोलणं त्याहून पुढे. एक दिवस त्याने हिलारसला बोलावलं.

"जानुसचं देऊळ हवंय. दोन तोंडांचा जानुस. आणि दारं बंद. कळलं? घट्ट बंद."

म्हणजे शांतता. लढाई चालू असली की त्या देवळाची दारं उघडी ठेवायची, जगात कुठेच लढाई नसली की लावून घ्यायची, अशी रोमची जुनी रीत. सम्राटांनी आता जमिनीवर आणि समुद्रावर शांतता केली होती, तेव्हा दारं बंद होणार होती. आधी नाण्यावर, मग खरोखरची.

"मालक, शहराला आग लागली तेव्हापासून त्या देवळाला परांच्या बांधल्यात. पहारेकरी जवळ उभं करत नाहीत. दाराची घडण नीट बघितल्याशिवाय..."

"दार दारासारखं काढ. ऱ्हाईनच्या काठावरच्या शिपायाने नाणं हातात घेतलं की त्याला दिसलं पाहिजे, दार लागलंय. तिथे तो कलाकुसर बघत बसणार नाही."

हिलारस टायबर ओलांडून घरी आला. चार मजल्यांचा उंच वाडा, खाली सिल्विनाची खाणावळ, सगळ्यात वर यांची एक खोली. त्या खोलीत बघण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे दार.

आगीत नदीपलीकडचं त्यांचं जुनं घर गेलं. त्याहून वाईट म्हणजे आगीनंतरच्या दिवसांत त्यांच्या तात्पुरत्या खोपटात माणसं शिरली होती. दार म्हणून टांगलेला पडदा बाजूला सारून आली आणि थालुसाच्या देखत सगळं घेऊन गेली. तेव्हापासून तिला झोप म्हणून येत नसे. नवीन खोलीला तिने आधी दार करून घेतलं, मग अंथरूण. एका जळक्या स्नानगृहाच्या ओकच्या फळ्या, दोन झडपा, जाड अडसर, मध्ये लोखंडी कडी. उजव्या फळीवर डोळ्यासारखी गाठ होती आणि खालची बिजागरी थोडी तिरकी बसली होती. अडसर सरकवला की थालुसा त्यावर दोनदा हात फिरवायची. मगच तिचे खांदे खाली यायचे.

हिलारस मेणाची पाटी घेऊन त्या दारासमोर बसला.

"काय करतोस?"

"सम्राटांसाठी दार काढतोय."

थालुसा मसूर निवडत होती. तिने मान वर करून पाटी बघितली, दार बघितलं, आणि खूप दिवसांनी मोठ्याने हसली.

"अरे वाह! आता सगळं जग आपली कडी वाजवणार म्हणायचं."

"वाजवू दे. बंद आहे."

"हार काढ त्यावर. एवढं मिरवायचंय तर नुसतं कशाला?"

त्याने दारावर पानाफुलांचा हार काढला. गाठ आणि तिरकी बिजागरी तशीच ठेवली. एवढं बारीक कोण बघणार होतं!

२

ठसा चांगला उतरला. घणकरी ड्रोमो बैलासारखा माणूस, पण घण मारायचा हलक्या हाताने. भट्टीतून लालबुंद चकती यायची, ऐरणीवरच्या ठशावर बसायची, वरून दुसरा ठसा, मग एकच घाव. एका बाजूला सम्राटांचं तोंड, दुसऱ्या बाजूला बंद दार.

पहिलं नाणं निवलं तसं ड्रोमोने उचलून अंगठ्याने पुसलं. टाकसाळीत सगळेच पुसतात. टाकसाळीतच कशाला, नाणं हातात आलं की कोणाचाही अंगठा आपोआप त्यावरून फिरतो. लहान मूल आईचा कान चोळतं तसा.

"दार आहे की नाही छान, दादा? बायकोला म्हणावं, सासू आली की असंच लावून घे."

महिना सरला असेल नसेल. थालुसा भाजी घेऊन आली आणि मोड त्याच्यापुढे टाकत म्हणाली, "म्हाताऱ्या, दार उघडं टाकून गेलास."

त्याने दाराकडे बघितलं.

"ते नाही. हे."

कांस्याचं नाणं. त्याचंच. दोन झडपांच्या मध्ये एक काळी रेघ होती.

हिलारसला हसू आलं. मळ. बाजारातल्या पैशाला काय काय लागलेलं असतं! त्याने राख आणि आंबलेली दारू घेऊन नाणं घासलं. सम्राटांचं नाक चकाकायला लागलं. रेघ गेली नाही. मग ठसा तडकला असेल. ठसा तडकला की नाण्यावर रेघ उठते, हे त्याला झोपेतही माहीत होतं. पण तडकलेल्या ठशाची रेघ नाण्यावर वर उठलेली लागते. नख फिरवलं की नखाला अडते. ही रेघ आत होती. नख तिच्यात उतरत होतं.

दुसऱ्या दिवशी त्याने ठसा धुऊन उन्हात धरला. झडपा एकमेकींना चिकटलेल्या होत्या. कुठेही फट नव्हती. ठशात जे नाही ते नाण्यावर कुठून आलं?

'झिजलं असेल,' तो स्वतःला म्हणाला. महिन्याभरात कांसं झिजत नाही हेही त्याला माहीत होतं. पण ते तो स्वतःला म्हणाला नाही.

३

मग घरचं दार नीट लागेना.

फार काही नाही. अडसर घातलेला असायचा, पण झडपा चौकटीत पुऱ्या बसलेल्या नसायच्या. तांदळाचा दाणा जाईल एवढ्या आत आलेल्या. थालुसा खांद्याने लोटायची, टक् करून बसायच्या. दुपारपर्यंत परत आत.

"उन्हाळ्यात लाकूड फुगतं," हिलारस म्हणाला.

"फुगलं तर अडकेल. हे सैल होतंय."

एका सकाळी बाहेर पडताना त्याने दार ओढून घेतलं आणि तिथेच थांबला. दाराच्या बाहेरच्या अंगाला डाग होते. तेलकट, हिरवट. एकेक सुपाएवढा लांबट गोल. एकावर एक, असंख्य. काही त्याच्या डोक्याच्याही वर. जिन्यावर उजेड कमी म्हणून त्याने डोळा जवळ नेला. डागात रेघा होत्या. नांगरलेल्या उतारावर असतात तशा, एकीला समांतर दुसरी, मध्यावर वळून गोल गोल जाणाऱ्या.

"सिल्विनाच्या गिऱ्हाइकांचे हात," थालुसा म्हणाली. "चरबीचे हात पुसायला त्यांना माझंच दार सापडतं." ती राखेचं पाणी घेऊन घासायला बसली. घासून झाल्यावर तिने आपले तळवे हुंगले आणि तोंड वाकडं केलं. "तांब्याचा वास येतोय. पैसे मोजलेल्या हातांना येतो ना, तसा."

संध्याकाळी डाग परत होते.

खाली सिल्विनाला विचारलं तर ती फणकारली. "चार जिने चढून तुझ्या दाराला हात पुसायला माझी गिऱ्हाइकं वेडी आहेत का? त्यांना एक जिना चढवत नाही." मग आवाज खाली आणून तिने विचारलं, "वर काही जड ओढता का रे तुम्ही? दिवसभर कुरकुर ऐकू येते. लाकडाची."

४

टाकसाळीत ड्रोमोने त्याला कोपऱ्यात ओढलं. त्याच्या हातात नाणं होतं.

"दादा, हार कुठे गेला?"

दारावरचा हार उंबऱ्यावर पडला होता. फुलं अन् फुलं ओळखू येत होती. हिलारसने तो हार लटकलेला कोरला होता, हे ड्रोमोने स्वतः शेकडोदा ठोकून बघितलं होतं. आणि फट आता रेघ राहिली नव्हती. एक झडप चांगली आत कलली होती.

"हे आपण मारलेलं आहे, दादा. माझ्या घणाचं. मी ओळखतो. हे मारलं तेव्हा बंद होतं."

ते बोलत असतानाच फॅनियस मागे येऊन उभा राहिला होता. त्याने नाणं घेतलं, उजेडात धरलं, बराच वेळ बघितलं. त्याचा अंगठा नाण्यावरून फिरत होता. हिलारसने बघितलं, की फॅनियसच्या कानामागून घामाचा थेंब निघाला आणि मानेवरून खाली गेला.

"काय दिसतंय तुला?" फॅनियसने विचारलं.

"दार..."

"सम्राटांनी दार बंद केलंय. ज्याला ते उघडं दिसतं, त्याला सम्राट खोटे दिसतात. आता सांग. काय दिसतंय?"

"बंद आहे, मालक."

"तुला रे, घणकरी?"

"बंद," ड्रोमो म्हणाला.

"मग रडताय कशाला!" फॅनियसने नाणं परत दिलं. दोन पावलं जाऊन तो वळला. "नवीन ठसा कर. दारावर चांगला जाडजूड अडसर घाल. आणि हिलारस, ते घरी नेऊ नकोस हं असलं नाणं. कुठेतरी खर्च करून टाक."

हिलारसने नवीन ठसा केला. अडसर कोरला, साखळी कोरली. नवी नाणी कोरी करकरीत, बंद निघाली. थैल्या भरून गेली. पुढच्या आठवड्यात सिल्विनाच्या गल्ल्यातून एक परत आलं, तेव्हा साखळी तुटून लोंबत होती.

५

खरं दार बघायचं, असं त्याने ठरवलं. ते बघितलं की डोक्यातली जळमटं झडतील. डागडुजी चालू म्हणून ते आतापासूनच बंद असेल, आपल्या दारासारखं नसेल, आणि मग जे काय आहे तो नुसता डोळ्यांचा आजार ठरेल. ठसे कोरणाऱ्यांचे डोळे जातातच.

भर दुपारची वेळ. चौकात चिटपाखरू नाही. पहारेकरी खांबाच्या सावलीत तोंड उघडं टाकून झोपला होता. हिलारस परांचीखालून आत वाकला.

कांस्याचं उंच, जुनं, हिरवं दार. गाठ नाही, कडी नाही, बिजागरी सरळ. घट्ट बंद. हिलारसने सुस्कारा सोडला. देवाला हात जोडायचे म्हणून पुढे झाला आणि कपाळ दाराला टेकवलं.

आत कोणीतरी मसूर ढवळत होतं.

डाव मडक्याच्या काठावर दोनदा आपटला. मग गुणगुण आली. सूत कातायचं गाणं, दुसऱ्या ओळीला बेसूर होणारं. गेली वीस-पंचवीस वर्षं ते त्याच ओळीला बेसूर होत होतं. आधी मालकाच्या घरी, तो मुक्त झाला आणि ती व्हायची होती तेव्हा कुंपणापलीकडून, आणि मग रोज त्याच्या शेजारी.

त्याने कान लावला. जीव कानात आणून ऐकलं. गाणं थांबलं.

"कोण आहे?" आतून थालुसाने विचारलं.

"थालुसा?" तो म्हणाला. हळूच म्हणाला, पहारेकरी उठू नये म्हणून.

आत काहीतरी पडून फुटलं.

तो नदीकडे कसा पळाला, पूल कधी ओलांडला, त्याला आठवत नव्हतं. जिन्यावर छातीत भाता चालल्यासारखं झालं. दार आतून लावलेलं होतं. ते उघडायला थालुसाला फार वेळ लागला, कारण तिने पेटी आणून आडवी टाकली होती. ती पांढरीफटक होती. जमिनीवर पाण्याच्या घड्याचे तुकडे होते.

"दाराबाहेर कोणीतरी आलं होतं," ती म्हणाली. "दाराला कान लावून उभं होतं. श्वास ऐकू येत होता."

"मग?"

"मग त्याने माझं नाव घेतलं." तिने त्याच्याकडे बघितलं नाही. "आवाज तुझाच होता. पण एवढा मोठा होता की फळीवरची भांडी हलली."

६

त्या रात्री दोघंही जागीच होती, पण बोलली ती सकाळी, उजेडात. हिलारसने एक नाणं चौरंगावर ठेवलं. तिला दाराकडे बघायला सांगितलं. मग कोरताना जसा श्वास धरायचा तसा धरून त्याने करंगळीचं टोक त्या कोरलेल्या झडपेला लावलं. दाबलं नाही. फक्त लावलं.

खोलीचं दार कुरकुरलं. वरपासून खालपर्यंत, कोणी पलीकडून वजन टाकावं तसं. अडसर मध्ये वाकला.

थालुसा ओरडली नाही. तिने फक्त विचारलं, "किती नाणी मारलीत?"

आकडा नव्हताच. थैल्या गाड्यांतून बंदरावर गेल्या होत्या, तिथून जहाजांतून सगळ्या छावण्यांना. आणि प्रत्येक नाण्यामागे एक अंगठा होता. एकेकाचा धक्का लहानच. पण बाजारात, खाणावळीत, गोदीत, छावणीत, सारखा, अहोरात्र...

"आपण जाऊ," तो म्हणाला. "दूर. डोंगरात माझ्या ओळखीचा धनगर आहे."

"त्याच्याकडे पैसे नाहीत?"

"असतीलच थोडे."

"मग तिथेही नाण्यावरचं दार असेल." थालुसाने वाकलेल्या अडसरावर दोनदा हात फिरवला. तिचे खांदे खाली आले नाहीत. "मी हे दार सोडून कुठे जात नाही. निदान हे जाड तरी आहे."

त्या दिवशी हिलारसने टाकसाळीत दोन्ही ठसे भट्टीत टाकले आणि ऐरणीवर ठेवून ठोकून गोळा केला. कोणी बघितलं असतं तर हात तोडले असते. ड्रोमोने बघितलं. त्याने घण हातात दिला. घरी आला तर थालुसा दाराला पाठ लावून बसली होती आणि झडपा सकाळपेक्षा बोटभर आत होत्या. नाणी ठशाची राहिलेली नव्हती. ती लोकांची झाली होती.

दोघांनी मिळून पलंग दाराला लावला, त्यावर पेटी, पेटीवर जातं. खिडकीतून दोरीने भाकरी आणि भाजी वर घ्यायची, असं सिल्विनाशी ठरवलं. ती म्हणाली, "सावकार मागे लागलेत का रे?" हिलारस हो म्हणाला. ते सोपं होतं. तो स्वतः मात्र खिडकीतून शेजारच्या छपरावर उतरून कामाला जात होता. न जाऊन चालणार नव्हतं. गैरहजर माणसाच्या घरी शिपाई येतात, आणि शिपाई दार उघडायला सांगतात.

७

पूर्वेचा राजा सम्राटांपुढे गुडघे टेकायला आला त्या दिवशी शहराने हार घातले होते. नाट्यगृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. टाकसाळीच्या झाडून सगळ्या माणसांना तिथे हजर राहायचा हुकूम होता, कारण थैल्या वाहायच्या होत्या. कसल्या थैल्या ते हिलारसला तिथे पोचल्यावर कळलं.

"दुसऱ्या कोरणाऱ्याकडून ठसे करून घेतले," फॅनियस म्हणाला. त्याच्या अंगावर नवा झगा होता आणि डोळ्यांखाली काळी वर्तुळं. "तुझ्याच नाण्यावरून. तुझे दोन्ही ठसे कुठे गेले, ते मी विचारलं नाही, हे ध्यानात ठेव."

"मालक, ही वाटू नका."

"का?"

फॅनियस थोडा वेळ वाट बघत राहिला. त्याला खरंच ऐकायचं होतं, असं हिलारसला मागाहून वाटत राहिलं. मग तुताऱ्या वाजल्या.

राजाने गुडघे टेकले. जानुसची दारं लागली, अशी दवंडी फिरली. लोकांनी आरोळी ठोकली आणि वरच्या सज्जांतून थैल्या मोकळ्या झाल्या. कांस्याचा पाऊस पडावा तशी नाणी ऊन खात खाली आली. माणसं एकमेकांच्या अंगावर पडली, हसली, शिव्या दिल्या, झेलली, शोधली.

मग हळूहळू गलबला खाली बसला. त्या एवढ्या मोठ्या नाट्यगृहात, वरच्या ओळीपासून खालच्या ओळीपर्यंत, हजारो माणसांच्या माना खाली झुकल्या. जो तो आपल्या तळहातात बघत होता. आणि सगळ्यांचे अंगठे हलत होते.

हिलारस माणसांवरून धावत सुटला.

८

जिन्यात शांतता होती. सिल्विना खाली मासळीवरच्या माशा हाकत बसली होती. "आत्ताच एकदा मोठ्यांदा करकरलं," ती म्हणाली. "मला वाटलं समोरच्या गोदामाचं दार. का, काय झालं?"

वरचं दार सताड उघडं होतं. दोन्ही झडपा भिंतीला टेकल्या होत्या. पलंग, पेटी, जातं समोरच्या भिंतीशी जाऊन एकात एक घुसलं होतं. लोखंडी कडी मेणासारखी आत वाकली होती.

चुलीवर मसूर होता. गरम होता. थालुसाच्या वहाणा चुलीपाशी, एक सरळ, एक उलटी. जमिनीवर धूळ, राख, भांड्यांचे तुकडे, सगळं होतं. फक्त उंबऱ्यापासून चुलीपर्यंत एक रुंद पट्टा स्वच्छ, चकचकीत होता. कोणीतरी एका दमात पुसून घ्यावा तसा. पट्ट्याच्या टोकाला फरशीवर त्या वळणाऱ्या रेघा उमटल्या होत्या.

तांब्याचा वास इतका होता की जिभेवर चव येत होती.

हिलारसने तिला हाक मारली नाही. आपला आवाज तिला कसा ऐकू येईल, याची त्याला भीती वाटली.

कंबरेच्या पिशवीत एक नाणं होतं. ते त्याने कडा धरून बाहेर काढलं आणि खिडकीशी नेलं. नाण्यावरचं दार पूर्ण उघडं होतं. चौकटीत काळोख होता, आणि काळोखात एक बाई उभी होती, बाहेर तोंड करून. गव्हाच्या दाण्याएवढी. तेवढ्यात तिचं नाक, कपाळावरची बट, उघडलेलं तोंड सगळं होतं. कोणत्याही कोरणाऱ्याच्या हाताला साधलं नसतं इतकं बारीक काम होतं ते. तिने एक हात समोर वर धरला होता, तळवा बाहेर.

त्याने ते नाणं लोकरीत गुंडाळून ठेवलं. मग बाजारात हिंडून मिळतील तेवढी घेतली, आणि तीही गुंडाळली. काही दिवसांनी त्याने ते सोडून दिलं.

९

तो सम्राट मेला. मग एका वर्षात सम्राट आले, गेले, आणि रोमच्या रस्त्यांवर रोमचेच शिपाई एकमेकांना कापत होते. जानुसचं देऊळ उघडं की बंद, हे बघायला कोणाला फुरसत नव्हती. फॅनियस त्या धांदलीत गेला. ड्रोमो गावी निघून गेला. हिलारसचे डोळे अधू झाले होते. तो सिल्विनाच्या खाणावळीत भांडी घासायचा आणि तिथेच झोपायचा. वरच्या खोलीत दुसरे भाडेकरी आले होते. त्यांना दाराचा काही त्रास नव्हता.

एका दुपारी ऱ्हाईनकडून परतलेला एक शिपाई येऊन बसला. एक कान तुटलेला, बडबड्या, भुकेला. खाऊन झाल्यावर त्याने गळ्यातल्या दोरीला बांधलेलं नाणं बाहेर काढलं.

"तुम्ही शहरातली माणसं. तुम्हाला माहीत असेल. ही कुठली देवी?"

सिल्विनाने बघितलं आणि खांदे उडवले. "सतरा देव आहेत बाबा. त्या म्हाताऱ्याला विचार, तो टाकसाळीत होता."

शिपाई नाणं घेऊन हिलारसजवळ उकिडवा बसला. "आमच्या तुकडीत सगळे हिचे भक्त. लढाईला उभं राहायच्या आधी ओळीने एकेक जण हिच्या तोंडावरून अंगठा फिरवतो. फार पावते. मीच बघ, कान गेला पण मान राहिली. आता तर म्हणे सगळ्या छावण्यांत तेच चाललंय."

हिलारसने ओले हात पुसले आणि डोळे बारीक करून बघितलं. चौकट अजून होती. आतल्या बाईचं तोंड गेलं होतं. नाक, बट, उघडे ओठ, काही नव्हतं. नदीतल्या गोट्यासारखा एक गुळगुळीत उंचवटा होता. पण वर धरलेला हात शाबूत होता.

"हात बघ," शिपाई भाविकपणे म्हणाला. "आशीर्वाद देतेय."



"घासू नकोस रे तिला," हिलारस म्हणाला.

"का? तिला काय दुखतंय थोडंच?" शिपाई हसला. मग त्याला म्हाताऱ्याची दया आली असावी. त्याने नाणं कपाळाला लावलं, थुंकी लावून अंगठा ओला केला, आणि हिलारसच्याही वाटणीचा तिच्या तोंडावरून फिरवला.